दसऱ्याची छाटणी न्यू जर्सीत चालेल का?

गुलाबाविषयी आलेल्या पत्रांतली काही निवडक इथे घेतली आहेत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : माझी आई कोल्हापूरला असते. दसरा झाला की ती गुलाब छाटते आणि नाताळपर्यंत अंगण फुलांनी भरून जातं. मी न्यू जर्सीत घरामागे चार झाडं लावली आहेत. आई फोनवर म्हणते, दसरा झाला, आता छाट. इथले शेजारी म्हणतात, या दिवसांत कात्री लावलीस तर झाड जाईल. कुणाचं ऐकू? (न्यू जर्सी)

शेजाऱ्यांचं ऐका. पण म्हणून आईला चूक ठरवू नका. कोल्हापूरसाठी ती अगदी बरोबर सांगते आहे.

गुलाबाच्या प्रत्येक फांदीचा शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते फांदीतून खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा छाटला की हा दाब उठतो आणि कापाच्या लगतचे दोन-तीन डोळे फुटतात. या फुटीला कळी धरून फूल उमलेपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि तेवढा काळ सौम्य हवा लागते. दसऱ्यानंतर कोल्हापुरात नेमकी तशीच हवा असते. पाऊस परतलेला, जमिनीत ओल, दिवसा स्वच्छ ऊन, रात्री हळूहळू गार होत जाणाऱ्या.

तुमच्याकडे त्याच सुमाराला हिमतुषार पडायला लागतो. छाटलेलं झाड साठवलेलं अन्न खर्चून कोवळी फूट काढणार, ती एका रात्रीत करपणार, आणि मग रिकाम्या हातानं झाडाला अख्खा हिवाळा काढावा लागणार. तिकडे गुलाब पानं गाळून झोपतो, म्हणून छाटणी झोपेच्या शेवटी करायची : मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, डोळे फुगून लालसर दिसू लागले की. तिथले बागवान कॅलेंडरपेक्षा फोर्सिथियाकडे बघतात. वसंतात पानांआधी पिवळ्याधमक फुलांनी भरणारं ते झुडूप तुमच्या गल्लीतही असणार. ते फुललं की सिकेटर बाहेर काढा. शरद ऋतूत फक्त वाऱ्यानं झोडपल्या जातील अशा लांबलचक फांद्या थोड्या आखूड करा. शेवटची फुलं तोडू नका. त्यांची फळं धरू लागली की झाड नवी फूट काढायचं थांबवतं, आणि थंडीच्या तोंडावर तुम्हाला तेच हवं आहे.

महाराष्ट्राच्या सपाटीवर गुलाब असा झोपतच नाही. बारा महिने थोडीफार पानं अंगावर बाळगतो. म्हणून इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांतलं सुप्तावस्थेचं प्रकरण आपल्याला उपयोगाचं नाही. आपल्या जुन्या माळ्यांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता : पाणी तोडायचं, आळं उकरून मुळ्या आठवडाभर उघड्या ठेवायच्या, पानं गळली की छाटून शेणखतानं आळं भरायचं. जमिनीतली जुनी, भक्कम झाडं हे सोसतात. कुंडीतल्या झाडाला मात्र हा निव्वळ छळ आहे, कारण तिथे मुळ्याच मोजक्या असतात. माझ्या मते जमिनीतल्या झाडालाही चार-पाच दिवस पाणी कमी केलं तरी भागतं.

एक सावधगिरी आईलाही सांगा. 2023 मध्ये दसरा 24 ऑक्टोबरला होता, 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक पडला. दसरा लवकर आला आणि पाऊस अजून रेंगाळत असेल तर थांबायचं. ओल्या हवेत ताज्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते.

आणखी एक गोष्ट तुमच्याकडे आपल्या उलट आहे. कलमाचा सांधा तिकडे थंडीपासून वाचवण्यासाठी मातीखाली इंच-दोन इंच पुरतात. आपल्याकडे तो मातीच्या दोन इंच वर राहिला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात कुजतो.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय, काप 45 अंशांत तिरका हवा, डोळ्याच्या पाव इंच वर हवा, डोळा बाहेरच्या बाजूचा हवा. आमचा माळी मात्र सगळं झाड गुडघ्याएवढं सपासप उडवून जातो. फुलं तरीही येतात. मग एवढी मोजमापं कशासाठी? (नाशिक)

तुमच्या माळ्याच्या बाजूनं एक भक्कम पुरावा आहे. ब्रिटनच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीनं काही वाफ्यांतले गुलाब शिस्तीत छाटले आणि काही कुंपण कापायच्या यंत्रानं सरसकट भादरले. भादरलेल्या झाडांनी फुलं कमी दिली नाहीत, उलट थोडी जास्तच दिली. तेव्हा 45 अंशांमुळे फुलं येतात हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

पण हा प्रयोग इंग्लंडच्या थंड हवेतला. आपल्याकडे गुलाबाचा मोठा शत्रू म्हणजे शेंडेमर, आणि ती बहुधा वरच्या थोटकापासून सुरू होते. डोळ्याच्या वर इंचभर लाकूड सोडलंत तर त्याला अन्न ओढणारं पान वर उरत नाही. ते वाळतं, बुरशीला घर मिळतं, आणि काळेपणा डोळा ओलांडून खाली सरकतो. म्हणून पाव इंच मी पाळतो आणि कोन विसरतो. बाहेरच्या बाजूच्या डोळ्याचं कारण वेगळं आहे. फूट त्या दिशेनं गेली की झाडाचा मध्य मोकळा राहतो आणि हवा खेळते. पुढे थंडीत भुरी आणि पावसाळ्यात काळे ठिपके येतात, तेव्हा हा मोकळेपणा कामाला येतो. झाड आडवं पसरणाऱ्या सवयीचं असेल तर खुशाल आतल्या डोळ्यावर कापा.

क्रम मात्र चुकवू नका. आधी वाळलेलं, मग रोगट, मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. हे एवढं झाल्यावर पुष्कळदा उंची कमी करायला फारसं उरत नाही. कापलेल्या तोंडाशी आतला गर पांढरा किंवा हिरवट दिसला पाहिजे. तपकिरी असेल तर अजून खाली जा, पांढरा दिसेपर्यंत. सिकेटर दोन पाती एकमेकांना घासून जाणारं घ्या. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारं सिकेटर फांदी चेंगरतं. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटनं पुसा. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावा. घरी करायची तर 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून एक लिटर पाण्याच्या हिशेबानं एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका.

किती कापायचं ते जातीवर आहे. हायब्रिड टी म्हणजे एका दांड्यावर एक मोठं फूल देणारे. त्यांची उंची निम्मी करा आणि चार ते सहा चांगल्या फांद्या ठेवा. फ्लोरिबंडा झुपक्यानं फुलतात, त्यांचा वरचा तिसरा हिस्सा पुरे. वेली गुलाबाच्या मुख्य फांद्यांना हात लावू नका. त्या आडव्या वाकवून तारेला बांधा, म्हणजे लांबीभर डोळे फुटतात. फक्त बाजूच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणा. पहिल्या वर्षाच्या झाडाला यातलं काहीच करू नका. दसऱ्यानंतरच्या छाटणीखेरीज जूनमध्येही छाटणी करायचीच असेल तर ती घाटमाथ्याच्या पूर्वेला, आणि हलकी. सुकलेली फुलं आणि मेलेलं लाकूड काढण्याइतकीच.

प्रश्न : गर्द लाल फुलांचं झाड आणलं होतं. दोन वर्षांनी त्याला बारीक पांढरट फुलांचे झुपके यायला लागले. गुलाब रंग बदलतो का? (ठाणे)

रंग बदलला नाही, झाडच बदललं आहे. नर्सरीतलं गुलाबाचं रोप दोन झाडांचं असतं. खाली दणकट मुळांचा खुंट, म्हणजे रोझा मल्टिफ्लोरा, रोझा इंडिका अशा जातींचा, आणि त्यावर हव्या त्या वाणाचा डोळा भरलेला. खुंटाला स्वतःचीही फूट येते. ती जोमदार असते, सगळं अन्न ओढते आणि वरचा वाण उपाशी मरतो. मल्टिफ्लोराची फुलं तुम्ही वर्णन केलीत तशीच असतात.

ही फूट ओळखायला ‘सात पानांची फांदी जंगली’ हा नियम घरोघरी ठाऊक आहे. त्याच्यावर विसंबून पुष्कळ लोक चांगल्या फांद्या छाटून टाकतात. अनेक हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडा जोमदार नव्या फुटीवर सात पर्णिका देतात. खरी खूण एकच : फूट सांध्याच्या खालून आली की वरून? माती बाजूला सारा आणि बघा. सांध्याजवळून पण वरून निघालेला लालसर, रसरशीत सोट पुढच्या दोन-तीन वर्षांचा आधार असतो, त्याला जपा. खालून आलेली फूट कापू नका, खाली दाबत ओढून मुळासकट उपटा. कापली तर बुडाशी राहिलेले डोळे पुन्हा फुटतात.

तुमच्या झाडावर लाल वाणाची एकही जिवंत फांदी नसेल, तर हिवाळ्यात एखाद्या जाणत्या माळ्याकडून त्याच खुंटावर नवा डोळा भरून घ्या. मुळं तयारच आहेत.

प्रश्न : मुलीचं लग्न 20 डिसेंबरला आहे. त्या दिवशी अंगणातले गुलाब फुललेले हवेत. छाटणी कधी करू? (पुणे)

अभिनंदन. पन्नास दिवस मागे मोजा : 31 ऑक्टोबर. वाण आणि रात्रीची थंडी यांवर आठवडाभर इकडेतिकडे होतं, म्हणून सगळी झाडं एका दिवशी कापू नका. काही 25 ऑक्टोबरच्या आसपास, काही 31 ला, उरलेली 5 नोव्हेंबरच्या सुमाराला. जास्त पाकळ्यांची झाडं पहिल्या तुकडीत घ्या, ती उमलायला वेळ लावतात. हायब्रिड टीच्या मधल्या कळीशेजारच्या बारीक कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा. फ्लोरिबंडाचं उलट करायचं, झुपक्यातली मधली कळी खुडली की बाकीच्या एकदम उमलतात.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात गुलाबाची सगळी पानं काळे ठिपके पडून गळतात. श्रावणात नुसत्या काड्या उभ्या. कोकणात गुलाब होतच नाही असं समजायचं का? (रत्नागिरी)

तसं नाही, पण घाटावरच्या मापानं तुमचा गुलाब मोजू नका. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं. तुमच्याकडे ते जूनपासून दिवसचे दिवस ओलं असतं. औषध मारलं तरी पुढच्या सरीत धुऊन जातं. म्हणून पावसाळ्यात फवारणीवर पैसे घालण्याऐवजी जागा बदला. कुंडी पडवीच्या कडेला, पागोळ्यांच्या आत, पण उजेडात ठेवा. गळलेली पानं रोज उचला, कारण बुरशी त्यांच्यावर दबा धरून बसते. जूनमध्ये छाटणी नको, पावसात खत नको. जांभ्या मातीत निचरा चांगला होतो, ही तुमची जमेची बाजू. फक्त पाऊस संपल्यावर तिला शेणखत भरपूर लागतं, नाहीतर अन्न टिकत नाही. नवरात्रात निष्पर्ण दिसणारं झाड नोव्हेंबरात पालवतं, म्हणून लगेच उपटून टाकू नका.

भारी प्रदर्शनी वाणांपेक्षा गावठी गुलाब आणि नॉक आऊटसारखे ठिपक्यांना दाद न देणारे वाण लावून बघा. या प्रश्नावर मुळातून काम एका भारतीयानं केलं आहे. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन हे प्रशासकीय सेवेतले माजी अधिकारी. त्यांनी बंगालच्या पाणथळ भागात वाढणारी रोझा क्लिनोफिला आणि मणिपूरच्या डोंगरांतली रोझा जायगँटिया या आपल्याच रानजाती संकरासाठी वापरल्या. युरोपातले संकरक थंडी सोसणारा गुलाब शोधत राहिले. वीरराघवन यांनी ऊन आणि ओल सोसणारा शोधला. असे वाण आपल्या नर्सऱ्यांत फारसे दिसत नाहीत, ही खरी अडचण आहे.

प्रश्न : नर्सरीतून फुलांनी लगडलेलं रोप आणते आणि महिन्याभरात ते मरतं. गॅलरीला सकाळचं ऊन आहे. काय चुकतं? (डोंबिवली)

बहुतेक वेळा दोष त्या लाल मातीच्या गोळ्याचा असतो. वाहतुकीत मुळं हलू नयेत म्हणून रोप चिकट लाल मातीत बांधलेलं असतं. तुम्ही ते जसंच्या तसं भुसभुशीत मिश्रणात ठेवता. पाणी भुसभुशीत मातीतून निघून जातं आणि आतला गोळा एकतर कोरडा ठणठणीत राहतो किंवा चिखल होऊन मुळं गुदमरतात. रोप आणल्यावर आठ दिवस तसंच सावलीत ठेवा. मग गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून बाहेरची निम्मी माती अलगद धुऊन काढा. हे काम ऑक्टोबर ते जानेवारीत करायचं, एप्रिल-मेमध्ये मुळीच नको. कुंडी बारा इंची, बटण गुलाबाला आठ इंची चालेल. मिश्रणात माती आणि शेणखत समभाग, त्यात थोडं कोकोपीट किंवा भाताचं तूस, मूठभर निंबोळी पेंड.

निवडताना फुलाकडे बघू नका. खाली वाका आणि सांधा बघा. तो भरलेला, घट्ट असावा आणि त्याच्यापासून किमान दोन-तीन फांद्या निघालेल्या असाव्यात. एकाच काडीवर टपोरं फूल असलेलं रोप दुकानदाराच्या सोयीचं असतं. पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर गॅलरीत फ्लोरिबंडा लावा. आइसबर्ग मिळाला तर उत्तम. 1958 मध्ये जर्मनीच्या कोर्डेस यांनी काढलेला हा पांढरा वाण अजून टिकून आहे, ते उगाच नाही. सकाळचे तीनच तास ऊन असेल तर गुलाबाचा नाद सोडा आणि मोगराही आणू नका, त्यालाही भरपूर ऊन लागतं.

प्रश्न : ऑनलाइन निळ्या गुलाबाचं बी मागवलं. उगवलंच नाही. (अकोला)

उगवलं असतं तरी निळं फूल आलं नसतं. गुलाबाच्या पाकळीत डेल्फिनिडिन हे निळ्या छटेचं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीनं जनुकतंत्रानं ते गुलाबात आणलं आणि 2009 मध्ये ‘अप्लॉज’ नावानं फूल विक्रीला काढलं. तेही बघणाऱ्याला फिकट जांभळंच वाटतं, कारण पाकळीतला रस आम्ल असतो आणि आम्लात हा रंग निळा उतरत नाही. फुलवाल्याकडचा निळाशार गुलाब म्हणजे रंगाच्या पाण्यात दांडा बुडवलेला पांढरा गुलाब. शिवाय बागेतला कुठलाही वाण बियांपासून आईसारखा होत नाही. तो डोळ्यानं किंवा काडीनंच पुढे न्यावा लागतो.

प्रश्न : बुकेतल्या डच गुलाबाला वास का नसतो? त्याची काडी लावली तर जगेल का? आणि गुलकंदासाठी कोणता लावू? (सातारा)

मावळातल्या पॉलिहाऊसमधून जाणारं फूल लांब दांडा, जाड पाकळी आणि प्रवासात टिकण्याची क्षमता यांसाठी निवडलेलं असतं. या निवडीत सुगंधाला कुणी गुण देत नाही, आणि पिढ्यानुपिढ्या गुण न मिळालेली गोष्ट निघून जाते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2015 मध्ये सुगंधी ‘पापा मेयाँ’ आणि जवळपास बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ यांची तुलना केली. सुगंधी वाणाच्या पाकळीत जिरॅनिऑल तयार करणाऱ्या साखळीतलं एक विकर जोरात काम करतं आणि दुसऱ्यात ते जवळजवळ बंद असतं, असं त्यांना आढळलं. तेव्हा खत बदलून बिनवासाच्या गुलाबाला वास येणार नाही. वास हवा असेल तर पापा मेयाँ, क्रिमसन ग्लोरी, डबल डिलाइट यांपैकी काही शोधा, आणि फूल सकाळी उन्हं चढायच्या आत तोडा.

बुकेतली काडी जगते क्वचित. दांडा अनेक दिवस शीतगृहात राहिलेला असतो, आणि मुळं धरलीच तरी पॉलिहाऊसचा लाडावलेला वाण उघड्या अंगणात स्वतःच्या मुळांवर रडतखडतच वाढतो.

गुलकंदाला गावठी गुलाबच हवा. पाकळी पातळ, वास गोड, आणि काडी लावली तरी सहज जगतो. फुलांचा मोठा बहर ओसरला की त्याच्या म्हाताऱ्या फांद्या बुडातून काढा, बाकी झाड मोकळं सोडा. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाच्या किंवा फुलवाल्याकडच्या पाकळ्या मात्र गुलकंदात घालू नका. त्यांच्यावर मारलेली कीटकनाशकं खाण्याच्या पिकाचा हिशेब धरून मारलेली नसतात. नव्या झाडाचा पहिला बहर देवाला वाहा, बरणी दुसऱ्या बहराला भरा.